गाडी आता नीट थांबते

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. हिरवं मैदान आणि ओळीने उभ्या केलेल्या जुन्या मोटारी. कुणाचं बॉनेट काढलेलं, कुणाचं छप्पर खाली आणलेलं, रंग असे की त्यात तोंड पाहून घ्यावं. पण माझी नजर गेली ती गाड्यांशेजारच्या घडीच्या खुर्च्यांवर. प्रत्येक खुर्चीत एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. खाली तुम्ही लिहिलं होतंत, "आजी, आमच्या वयाचं तिथे कोणीच नव्हतं. आजोबांच्या गाडीभोवती मुलं असायची का?"

असायची. पुष्कळ असायची. ती का राहिली नाहीत हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तुमचंही इंग्रजीतूनच चाललं आहे, तरी हे मराठीतच लिहायला हवं, कारण आजोबा गाडीबद्दल मराठीतच बोलायचे. शब्द अडला तर आईला विचारा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही डोंबिवलीत, पूर्वेकडच्या कारखान्यांच्या जवळ राहायला आलो. घर लहान होतं, पण बाजूला पत्र्याची शेड टाकण्याइतकी जागा होती. त्या जागेसाठीच आजोबांनी ते घर घेतलं असावं. ते एका कारखान्यात इंजिनिअर होते. आठवडाभर यंत्रांत राहूनही रविवारी त्यांना यंत्रच लागायचं.

गाडी त्यांना मिळाली खडवलीला, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. स्वातंत्र्यापूर्वीची, विलायती, दोन दारांची, तारांच्या आऱ्यांची चाकं असलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, आणि इंजिन कोणीतरी कधीच काढून नेलं होतं. पेंढ्याच्या ट्रकमागे बांधून ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "अहो, हिचं करणार काय?"

"पळवणार," ते म्हणाले.

रद्दीच्या दुकानातून ते जुनी अमेरिकन मासिकं आणत. हॉट रॉड हा शब्द आमच्या घरात तिथून आला. जुनी गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात तिच्यापेक्षा दांडगं इंजिन घालायचं, असा तो छंद. आजोबांनी जीपचं इंजिन घातलं. ते बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच काढून टाकलं. कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातले एक फोरमन दर रविवारी स्कूटरवरून मदतीला यायचे. दोघं दुपारपर्यंत गाडीखाली असायचे आणि मला फक्त चार पाय दिसायचे.

गाडी पहिल्यांदा ठाण्यापर्यंत गेली त्या दिवशी मी शेजारी बसले होते. खाडीजवळ रस्त्याच्या कडेला कोळणी मासे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली एक आमच्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आवाज त होरीचा, न चालते रस्त्यान!" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. आपल्या गाडीचा आवाज होडीसारखा येतो, याचा आजोबांना इतका आनंद झाला की पुढे कित्येक वर्षं ते पाहुण्यांना ते वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवायचे.

मग मुलं यायला लागली. वसाहतीतली, शाळेतली, कॉलेजातली. रविवारी सकाळी शेडच्या दारात चपलांचा ढीग असायचा. सगळ्यांचं मागणं एकच, "काका, एक राउंड मारू द्या ना!" आजोबांचं उत्तरही ठरलेलं. "आधी उघडायचं, मग चालवायचं." म्हणजे ज्याने इंजिन स्वतःच्या हाताने उघडलं, साफ केलं, पुन्हा जोडलं, त्यालाच स्टिअरिंगवर बसायला मिळणार. मुलं उत्साहाने बसायची. ट्रेमध्ये रॉकेल ओतून नट-बोल्ट धुवायची, नखं काळी करून घरी जायची. माझ्याकडे त्यांच्या आयांची तक्रार यायची की शर्ट पुन्हा पांढरा होत नाही.

एक महिना जायचा, दोन जायचे, आणि ढिगातल्या चपला कमी व्हायच्या. फोरमन आजोबांना चिडवायचे, "साहेब, पोरांना गाडी हवीय. तुम्ही त्यांना आयटीआयला घातलंत!"

टिकला तो एकटा तुमचा बाबा. तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. त्याने इंजिन उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं. गिअरबॉक्स उघडली. पुढे पुढे नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की पेट्रोल जास्त जातंय. आजोबा त्याच्यासमोर मान डोलवायचे आणि माझ्याजवळ म्हणायचे, "हात आहे त्याला. माझ्यापेक्षा चांगला हात आहे." पण स्टिअरिंग दिलं नाही. "अजून नाही," एवढंच.

याचं कारण मला माहीत होतं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

गाडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही दोघं शीळफाट्याकडून घरी येत होतो. रस्ता मोकळा होता, थोडा उतार होता. आजोबांनी गाडी सुसाट सोडली, आणि खरं सांगते, मलाही मजा वाटली. वळणापलीकडे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. आजोबांनी ब्रेक दाबला. गाडीला जणू ते समजलंच नाही. पुन्हा दाबला, सगळा जोर लावून. शेवटी त्यांनी गाडी रस्त्याखाली गवतात घातली. उंच गवत आणि चिखल यांनी आम्हाला थांबवलं. म्हशी आमच्याकडे न बघता निघून गेल्या. आजोबांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"इंजिन जीपचं," ते म्हणाले, "आणि ब्रेक बैलगाडीचे."

गाडीचे मूळचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे होते, मूळच्या छोट्या इंजिनापुरते. नवे, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवायला हवे होते, पण ते त्या तारांच्या चाकांत बसत नव्हते. मधले भाग स्वतः लेथवर तयार करावे लागणार होते. ते काम त्यांनी त्याच आठवड्यात हाती घेतलं. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला. फोरमनची नि त्यांची ती कामं मुलं नसताना व्हायची. तेव्हापासून आजोबा गाडी सायकलच्या वेगाने चालवत. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे!

मी म्हणायचे, "त्याला सांगून टाका ना खरं काय ते."

"काय सांगू?" ते विचारायचे. "बापाने पळणारी गाडी केली, थांबणारी करायची राहिली, असं? थांब जरा. काम होत आलंय. झालं की किल्ली त्याच्याच हातात देतो."

काम होत आलंय, असं ते कित्येक वर्षं म्हणत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं.

दरम्यान शेडच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या. मुलांना जपानी बनावटीच्या मोटारसायकली मिळाल्या. किल्ली फिरवली, किक मारली, गेले. कल्याण-डोंबिवलीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले. रविवारीही बॅचेस असायच्या. रस्त्यात भेटली की मुलं विचारायची, "काका, गाडी काय म्हणते?" पण उत्तरासाठी थांबत नसत.

तुमच्या बाबाला परदेशी शिकायला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आला. मी आजोबांचा चहा घेऊन तिथेच उभी होते.

"बाबा, उद्या जातोय. एकदा चालवू द्या. मोहन्यापर्यंत जाऊन येतो, फोरमनकाकांना भेटायचंच आहे."

"नको."

"इंजिन दोनदा उघडलं. गिअरबॉक्स उघडली. तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. आता काय उरलंय?"

"उरलंय."

"काय ते सांगा ना! रात्रभर बसून करतो."

आजोबांनी फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "पुढच्या वेळी."

तुमचा बाबा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "राहू दे बाबा. तुमची गाडी तुम्हीच ठेवा," असं म्हणून तो बाहेर गेला आणि त्याने गेट हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर आजोबा वेड्यासारखे त्या ब्रेकच्या मागे लागले. संध्याकाळी कारखान्यातून आले की सरळ शेडमध्ये. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी काम झालं. आम्ही दोघं पुन्हा त्याच उतारावर गेलो. आजोबांनी वेग घेतला, ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझी पर्स पायाशी पडली. "थांबली," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी येता येता पेढे घेतले.

संध्याकाळी आम्ही परदेशी फोन करायला बूथवर गेलो. तिथे काचेच्या खोक्यात समोरच्या मीटरवर मिनिटं पळताना दिसायची आणि माणसाला काही सुचायचं नाही. आजोबांनी रिसीव्हर घट्ट धरला आणि मोठ्याने सांगितलं, "अरे, गाडी आता नीट थांबते!"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आजोबा पुन्हा म्हणाले, "थांबते म्हणतो! गाडी! ब्रेक!" मग जरा वेळ ऐकून घेतलं, "हो, घेतो औषध," म्हणाले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. तुमच्या बाबाने मला विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना? काय म्हणत होते?" बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता. मी म्हटलं, "तू ये, मग तेच सांगतील." ते त्यांनीच सांगायला हवं होतं.

तो आला तेव्हा काही वर्षं गेली होती. मोठी, तू तेव्हा आईच्या कडेवर होतीस आणि गाडीच्या दिव्याला हात लावून रडलीस, कारण तो उन्हाने तापला होता. आजोबांनी गाडी आदल्या दिवसापासून पुसून ठेवली होती. चहा झाल्यावर त्यांनी किल्ली तुमच्या बाबासमोर टेबलावर ठेवली. अट नाही, प्रश्न नाही.

तुमच्या बाबाने किल्लीकडे पाहिलं. "नको बाबा. मला आता तिकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवय झालीय. आणि इथलं ट्रॅफिक! उगाच कुठे धडकलो तर?" तो प्रेमानेच बोलला. त्याच्या मनात राग उरला नव्हता. राग असता तर निदान गाडी तरी त्याच्या मनात असती.

आजोबांनी किल्ली उचलून खिळ्याला अडकवली. ब्रेकबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

पुढे अर्धांगाच्या झटक्याने आजोबांचा डावा हात गेला. पूर्ण नाही, पण गिअर टाकण्याइतका जोर राहिला नाही. तेव्हा त्यांनी सगळे नियम मागे घेतले. गेटशी उभे राहून क्लासला जाणाऱ्या मुलांना हाका मारायचे, "या रे, चालवा कोणीतरी! काही उघडायचं नाही, नुसती चालवा!" एक मुलगा आत आला, सीटवर बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, यात टेप नाही?" मित्राकडून फोटो काढून घेऊन तो गेला. त्याला नावं ठेवू नका. त्याच्या हातात ती गाडी वेळेवर कोणी दिलीच नव्हती.

शेवटी कल्याणचा एक बँडवाला आला. त्याला वरातीसाठी गाडी हवी होती. आजोबा त्याला इंजिन दाखवायला लागले तर तो म्हणाला, "काका, इंजिन काय करायचंय? आपल्याला नवरदेव बसवायचाय. टेन्शन घेऊ नका, एकदम राणीसारखी ठेवीन." आजोबा माझ्याकडे बघून थोडंसं हसले आणि त्याला म्हणाले, "ब्रेकला हात लावू नका. बाकी काय हवं ते करा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही एका संध्याकाळी ठाण्याला डॉक्टरांकडून परत येत होतो. टेंभी नाक्यावर वरात अडकली होती. मधोमध आपली गाडी होती. लाल मखमल, झेंडूच्या माळा, दिव्यांची तोरणं. होडीचा आवाज नव्हता. इंजिनाच्या जागी बँडची बॅटरी ठेवलेली होती. पाच-सहा पोरं मागून ढकलत होती, आणि स्टिअरिंगवर विशीतला एक मुलगा बसला होता, डोळ्यांवर गॉगल, एक हात बाहेर. मजेत होता.

आजोबा माझा हात सोडून पुढे गेले. ढकलणाऱ्यांत जागा करून त्यांनी उजवा हात गाडीला लावला. एक पोरगा म्हणाला, "अरे काका, आप रहने दो, लागेल तुम्हाला." ते ढकलत राहिले. बँडने चाल बदलली, पोरांनी जोर केला, गाडी जरा सुटली, आणि तेवढ्यात एक लहान मुलगी नाचता नाचता थेट पुढे आली. बायका ओरडल्या. स्टिअरिंगवरच्या मुलाने ब्रेक दाबला. गाडी तिथल्या तिथे उभी राहिली. नवरदेवाचा फेटा पुढे सरकला, सगळे हसले, मुलीला कोणीतरी उचलून नेलं आणि वरात पुढे चालू लागली.

आजोबा रस्त्याच्या कडेला परत आले. त्यांच्या तळव्याला झेंडूची पाकळी चिकटली होती.

"बघितलंस?" ते म्हणाले. "थांबली."

मी हो म्हटलं. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "त्याला एकदा सांगायला हवं होतं." रिक्षा मिळाली.

ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत. तुमच्या बाबाला मराठी वाचता येतं, पण हे तुम्हीच त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्या मैदानावर पुन्हा गेलात तर त्यालाही न्या. खुर्चीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, जरा बसू द्याल का. ते नाही म्हणाले तर लगेच निघून जाऊ नका. आधी विचारा, गाडी नीट थांबते ना?