कव्हरवरून केलेले थ्रो

दोन महिन्यांपूर्वी नाशिकमधल्या एका क्रिकेट प्रशिक्षण केंद्राने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि माझ्यावर छापलेली चार पानी पुस्तिका. तिच्यात म्हटलं आहे की जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझ्याआधी यष्टीमागे उभा असलेला मुलगा घाबरून बाहेर गेला, मग मी उभा राहिलो आणि माझी कारकीर्द सुरू झाली. वाचून मी ती मिटून ठेवली. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. हे वाक्य मीच कितीतरी कार्यक्रमांत सांगितलं आहे, त्याने ते फक्त उतरवून घेतलं.

तो मुलगा घाबरला नव्हता.

तो देवळाली कॅम्पचा. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, जवानांचे गणवेश शिवायचे. आम्ही दोघेही एकोणीस वर्षांचे, दोघेही कीपर, आणि संघात जागा एकच. जिल्ह्याकडून खेळणाऱ्यांना बघायला मोठ्या कंपन्यांची माणसं यायची, त्यांच्या संघात नोकरी मिळायची. म्हणजे क्रिकेट खेळण्याचा पगार. त्या दिवशी ठरलं होतं ते असं : अर्धा डाव त्याने कीपिंग करायचं, अर्धा मी. एक कीपर असताना दुसऱ्याने क्षेत्ररक्षण करायचं. निवड करणारे गृहस्थ माझे लहानपणापासूनचे सर होते.

मी कव्हरला उभा राहून त्याला बघत होतो. मॅटिंगच्या खेळपट्टीवर चेंडू वेडावाकडा उडतो, तरी मध्यमगती गोलंदाजाला तो यष्टीला चिकटून उभा होता. लेगला गेलेला एक चेंडू त्याने बघता बघता उचलला आणि बेल्स उडवल्या. फलंदाजाचा पाय हवेतच होता. माझ्याने ते झालं नसतं. मला कळून चुकलं की जागा गेली.

त्यानंतर एक चेंडू माझ्याकडे आला. मी घाईत फेकला, त्याच्या पायाजवळ टप्पा पडला आणि चेंडू नडगीला लागून लांब गेला. एक जादा धाव निघाली. झाडाखाली बसलेल्या सरांनी वहीत काहीतरी टिपलं. ते मी पाहिलं.

कीपरला सगळ्यात वाईट थ्रो कोणता, हे कीपरलाच ठाऊक असतं. डोक्यावरून गेला तर लोक फेकणाऱ्याला शिव्या देतात. पण पायापासून वीतभर अंतरावर जोरात टप्पा पडला, तर चेंडू कुठे उडेल ते देवालाही सांगता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की कीपरचे हात ढिले. पुढचे चार थ्रो मी तसेच केले. फलंदाज पळतही नव्हते, तरी जीव खाऊन फेकले. एकावर चौकार गेला. शेवटच्या थ्रोला चेंडू त्याच्या उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर बसला. त्याने ग्लव्ह काढला तर नखाखालून रक्त येत होतं आणि बोट एका बाजूला वळलं होतं.

सगळ्यात आधी त्याच्याजवळ मी पोहोचलो. खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘‘लागलं का रे?’’

थ्रोपेक्षा मला आज या वाक्याची जास्त किळस येते.

उरलेला डाव मी कीपिंग केलं. दोन झेल घेतले, निवडला गेलो. वर्षभरात नोकरी लागली, पुढे राज्याकडून खेळलो. सर प्रत्येक सत्कारात म्हणायचे, ‘‘नुसते हात चांगले असून भागत नाही, छाती लागते.’’ मी मान खाली घालून हसायचो, लोकांना तो विनय वाटायचा. आता माझीही बोटं वाकडी झाली आहेत. कार्यक्रमात मुलं ती हातात घेऊन बघतात, कुणी पायाही पडतं. मला हात धुवावेसे वाटतात.

पुस्तिका वाचल्यानंतर आठवड्याने मी कॅम्पात गेलो. दुकान तिथेच आहे. तो कापड कापत होता. मोडलेलं बोट कात्रीच्या कडीत जात नाही, ते बाहेर ताठ ठेवून कापतो. त्याने मला ओळखलं, स्टूल पुढे सरकवलं. मी सगळं सांगितलं.

‘‘माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तिसऱ्या थ्रोला कळलं. मी पण कीपरच होतो, यार.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो ना. तुझ्या सरांना. बोट माठाच्या पाण्यात बुडवून बसलो होतो, तिथेच सांगितलं. म्हणाले, थ्रो पकडणं कीपरचंच काम असतं, बेटा.’’

म्हणजे सरांना सगळं माहीत होतं. माहीत असून ते छातीच्या गोष्टी सांगत होते, आणि मी त्यांच्या फोटोला अजून दर गुरुपौर्णिमेला हार घालत होतो.

मी माफी मागायला लागलो, तसा तो म्हणाला, ‘‘माफी ठेव तुझ्याकडे. माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, तेरे हाथ ही कच्चे. खरं सांगितलं तर म्हणायचा, बहाणे मत बना. आता पोरगाही हसतो. तू लिहून दे. छापलेलं पाहिजे.’’

‘‘नाव घालू तुझं?’’

‘‘नको. कॅम्पातली माणसं म्हणतील, चाचा म्हातारपणी हार घालून घ्यायला निघाले. घरच्यांना कळलं की बस.’’

प्रशिक्षण केंद्राला मी पुस्तिका मागे घ्यायला सांगितलं. तिथले व्यवस्थापक हसून म्हणाले, ‘‘सर, हा तुमचा मोठेपणा.’’ पुस्तिका अजून वाटली जाते आहे. म्हणून इथे लिहितो : तो माझ्यापेक्षा चांगला कीपर होता, त्याचे हात पक्के होते, ते मी मोडले.

छापायला देण्याआधी हे मी दुकानात जाऊन वाचून दाखवलं. त्याच्या मुलाने शिलाई मशीन थांबवलं. आधी तो वडिलांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. ‘‘अंकल, एवढी वर्षं तुम्हाला झोप कशी लागायची?’’

‘‘चांगली लागायची,’’ मी म्हणालो.

ते खरं होतं. त्याचे वडील म्हणाले, ‘‘हे पण लिही.’’