डोमाजी काकांचा मोतिया

आमचे डोमाजी काका किरनापूरजवळच्या आमच्या गावात तिखाडी गवताचं तेल काढत. आपल्या नाकाचा त्यांना भारी गर्व. वास बिघडेल म्हणून तंबाखू नाही, बिडी नाही. लग्नात कुणी अत्तर लावायला आलं की काका मांडवाबाहेर.

तिखाडीची दोन वाणं, मोतिया आणि सोफिया. पात, तुरा, बी अगदी सारखं. फरक पडतो तेलात. मोतियाला गुलाबाचा वास, सोफियाला सुंठीसारखा उग्र. काकांनी वर्षानुवर्षं एकेक ठोंब हंड्यात उकळून, वाफ हुंगून, निव्वळ मोतियाचं शेत उभं केलं होतं. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याचं बी गावभर वाटायचं ठरलं.

त्याआधी कडेचं थोडं गवत कापून भट्टी लावली, आणि तेल निघालं ते सोफियाचं! काकांचं तोंड काळंठिक्कर पडलं. जंगलातल्या सोफियाचा वारा लागून बीज बिघडलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पुन्हा हंडा उकळून बघावा हे सुचेल तर शपथ. आपल्या नाकावर शंका घेईल तो डोमाजी कसला!

सकाळी अख्खं शेत उपटून टाकायला कुदळ घेऊन गेले आणि पहिला ठोंब उपटून अंगणात आणून आपटला. कमलाकाकू शांतपणे म्हणाल्या, "उपटलाच हाय त माह्या गुडघ्याच्या कामी तरी येऊ द्या." शेंडे खुडून त्यांनी अंघोळीच्या पाण्यात टाकले. गुडघे धरले की त्या असंच करत.

पाण्याला आधण आलं. काकूंनी झाकण काढलं तशी गुलाबाची वाफ अंगणभर झाली. शेताकडे निघालेले काका जागीच थांबले.

"अवं, हा त मोतियाच हाय!"

मग धावले ते भट्टीकडे. हंड्यातली वाफ जिच्यातून जाते ती बांबूची नळी आता कुठे हुंगली, तर तिला सोफियाचा दर्प. काका वारासिवनीच्या बाजाराला गेले असताना शेजारच्या फकिराने ती नेऊन जंगलातलं गवत शिजवलं होतं आणि बापडा धुऊन ठेवून गेला होता. पण बांबू तेल पितो; धुऊन ते जातं होय?

फकिराला शिव्या बसल्या, पण काकांना मधेच हसू फुटत होतं, डोळ्यांना पाणीही येत होतं. नळी चुलीत गेली. शेत वाचलं! मलाही इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

काकांनी तो शेंडे खुडलेला ठोंब परत नेऊन लावला, कळशीभर पाणी घातलं आणि जन्मात कुणापुढे म्हटलं नव्हतं ते गवतापुढे म्हटलं, "माहं नाक चुकलं रे, तू नाही चुकला."

ठोंब जगला. पुढच्या वर्षी त्याचं बी पहिल्यांदा फकिराला मिळालं, स्वतःची नळी दाखवल्यावर.