जॅकेटच्या पाठीवर मंडळाचं नाव

अजून आठवलं की डोकं तापतं. माझ्यावरच.

मुलगी मला तिच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर भर पावसात चार दिवस सह्याद्रीत चालायला नेणार होती. आधी एकदा नेलेलं, तेव्हा मी माझा जुना रबरी रेनकोट घालून गेलो. पाऊस थांबला तरी मी आतून घामाने भिजतोच आहे. ती बोलली, "पप्पा, तुम्ही चालत नव्हता, शिजत होता."

म्हणून या वेळी दादरच्या दुकानात जॅकेटं तीच निवडत बसली. हातावर तोलून वजन बघितलं, काखेतल्या चेनी उघडून बघितल्या, शिवणीला आतून पट्टी आहे का बघितलं. मी काय बघितलं? रंग. दुकानदार बोलला, "काका, आतली वाफ बाहेर जाते, बाहेरचं पाणी आत येत नाही." मी तिथेच कापड तोंडाला लावून फुंकर मारली. मुलगी लगेच ओळख नसल्यासारखी बाजूला झाली.

दोन जॅकेटं घेतली. मुठीत मावतील एवढी हलकी.

आता घरी गप ठेवायची ना? पण मी काळाचौकीचा. आमच्याकडे पाठीवर मंडळाचं नाव नसेल तर कपडा कोरा वाटतो. मुलीला सरप्राइज म्हणून दोन्ही जॅकेटं लालबागला भरतकामाच्या मशीनवाल्याकडे नेली. तो बोलला, "प्रिंट मारू?" मी बोललो, "प्रिंट उडते रे. धाग्याने कर, भरगच्च." सुईने भोक पडतं हे गोधडी शिवणाऱ्या म्हातारीलाही कळतं. मला नाही कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी शिवाजी पार्कला सगळ्यांचं सामान तपासत होते. ग्रुपची लीडर पोरगी, तिने माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली ओतली. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी खाली आलं, नावापाशी पोचलं आणि सरळ आत.

"काका, बनियन भिजलं तुमचं."

"चालेल की, बनियनच आहे."

"वर वारा असतो, काका. गारठून पडाल. असं नाही नेणार."

मग मुलीने तिच्या जॅकेटची घडी मोडली. पाठ बघितली. परत होती तशी घडी घातली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

लीडरकडे जास्तीचं जॅकेट एकच. मुलीने ते माझ्या हातात दिलं. "तुम्ही जा, पप्पा. माझा हा ट्रेक झालाय. तुम्हाला दाखवायचा म्हणून परत ठरवलेला."

तिथे माझी सटकली. "येडी झालीस काय? भोकं मी पाडली, भिजायला तू?" सगळ्या ग्रुपसमोर ओरडलो. चूक माझी, आवाजही माझाच मोठा.

शेवटी लीडरचं जॅकेट घेऊन तीच ट्रेकला गेली. मी माझं भोकांचं जॅकेट घालून रोज सकाळी दूध आणायला जातो. सगळा कोरडा, पाठ तेवढी नावापुरती ओली. काल मंडळातला एक जण नाक्यावर भेटला, पाठीवर हात फिरवून बोलला, "भारी आहे रे. या वर्षी सगळ्यांना असंच करू."

त्याला अशा शिव्या घातल्या की दूधवालापण बघत राहिला. त्याची काय चूक? तो बिचारा छत्री घेऊन उभा होता.