दोन थेंबांची परीक्षा

परदेशातल्या कुटुंबांना मुलं सांभाळणाऱ्या बायका जुळवून देण्याचा काकूंचा उद्योग घराच्या पुढच्या खोलीत चालायचा. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर तीन देशांची वेळ दाखवणारी तीन घड्याळं आणि खिडकीपाशी काका.

काका म्हणजे काकूंचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने वजनं पुसायला घ्यायचे. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला, सवय सुटली नाही. घरात आलेली दुधाची पिशवी, साखरेचा पुडा, जे दिसेल ते तोलून बघायचे. एकदा काकूंच्या बहिणीने स्वेटरसाठी लोकर पाठवली, तीही त्यांनी तोलली. लोकर कमी भरली, आणि मेहुणीला फोन करून त्यांनी ते सविस्तर सांगितलं. त्या दिवशी काकूंनी तराजू माळ्यावर टाकला आणि काकांना खिडकीपाशी बसवून दिलं. तेव्हापासून ते तिथेच होते.

काकूंचा लौकिक मात्र सातासमुद्रापार होता. आपली भाषा बोलणारी बाई हवी असलेल्या परदेशातल्या पोरींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तीनशे जणींचा. काकूंकडची बाई डोळे झाकून घ्यावी, असं त्या एकमेकींना सांगत.

आता या लौकिकामागचं गुपित सांगायला हरकत नाही. काकूंचा प्रमाणपत्रांवर काडीचा विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी काकांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दिवसातून तीनदा औषध घालायचं ठरलं. अख्ख्या बाजाराला न घाबरणारा हा माणूस बाटली दिसली की डोळे असे मिटून घ्यायचा, की काकूंनी हात टेकले. त्याच सुमारास मुलाखतीला आलेल्या एका बाईने, काकू फोनवर असताना, सहज दोन थेंब घातले आणि काका हूं की चूं न करता बसून राहिले. काकूंनी तिला त्याच आठवड्यात परदेशातल्या एका घरी पाठवलं. ती अजून त्या घरात आहे.

झालं, काकूंना परीक्षा सापडली. बाई यायची, चहा व्हायचा, मग काकू म्हणायच्या, "एक फोन करून येते हं. तेवढे यांच्या डोळ्यात दोन थेंब घालाल?" आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघत राहायच्या. थेंब डोळ्यात गेले तर पास. गालावर ओघळले तर नापास.

डोळा दीड महिन्यात ठणठणीत बरा झाला. परीक्षा चालूच राहिली. औषधवाल्याने त्याच बाटलीत बसतील असे साधे थेंब दिले, ज्यांनी बरंही होत नाही आणि बिघडतही नाही. काकांना यातलं काही माहीत नाही, याबद्दल काकू निर्धास्त होत्या.

आणि मग एका चार वर्षांच्या पोरीच्या घरून मागणी आली.

पोरीच्या आईने अकरा पानांचं वेळापत्रक पाठवलं. काकूंनी पहिली बाई पाठवली, ती वीस दिवसांत परत. या बाईने काकांच्या तळपायाला गुदगुल्या करून थेंब घातले होते, पण पोरीसमोर तिची डाळ शिजली नाही. एका सकाळी पायमोजे घालताना पोरीने ते हिसकावून हिच्याच सूपमध्ये बुडवले. दुसरीने काकांना अंगाईगीत म्हणून वश केलं होतं. तिला पोरीने सकाळी शाळेच्या वेळेला न्हाणीघरात कोंडलं, सोबत पायमोजेही. तिसरी धिप्पाड होती, तिने काकांचं डोकं सरळ बगलेत धरलं होतं. तिने काकूंना विमानतळावरूनच फोन केला. "पायात मोजा चढवत होते हो, तर मनगटाला कडकडून चावली. मी निघाले."

पोर द्वाड आहे, असं काकूंनी ठरवलं आणि परीक्षा कडक केली. आता थेंब दोन्ही डोळ्यांत.

पोरीची आई मात्र ऐकून घेणारी नव्हती. तिने फोन करून शांतपणे सांगितलं, "काकू, चौथी पण परत आली ना, तर मी सगळं ग्रुपवर लिहिणार आहे." तीनशे जणी वाचणार होत्या. त्या रात्री काकू धड जेवल्या नाहीत. हा उद्योग त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी सुरू केला होता, एकटीने, सगळ्यांनी नाकं मुरडली तरी. तो आता एका पोरीच्या दातांवर येऊन ठेपला होता.

चार दिवसांनी बसवाल्या ताई मुलाखतीला आल्या. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम त्यांनी बारा वर्षं केलं होतं. बस बंद झाली म्हणून आता हे. चहा झाला, काकूंचा फोन 'आला', बाटली ताईंच्या हातात गेली आणि काकू फटीपाशी.

काकांनी डोळे घट्ट मिटले.

"कुठल्या डोळ्यात घालायचे, काका?" ताईंनी विचारलं.

"दोन्ही."

"दुखतायत?"

काकांनी एक डोळा उघडला. "नाही."

"खाजतायत? पाणी येतं?"

"नाही बुवा."

ताईंनी त्यांचा चेहरा हलकेच उजेडाकडे वळवून दोन्ही डोळे नीट बघितले. "मग हे कशाला घालायचं?"

"हिला घालायचं असतं," काका फटीकडे बघत म्हणाले.

ताईंनी बाटलीला झाकण लावलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मग बसमध्ये मुलं किती असायची, दप्तरांचं ओझं किती, अशा गप्पा निघाल्या. दप्तरांची वजनं ऐकून काका एवढे खुलले, की काकू बाहेर आल्या तेव्हा ते हवेत तराजू धरून दाखवत होते.

"थेंब घातलेत?" काकूंनी विचारलं.

"नाही, काकू. डोळे चांगले आहेत त्यांचे."

इतक्या बायका आल्या नि गेल्या, हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. काकूंचं डोकंच फिरलं. सांगितलेलं एवढंसं काम जी करत नाही, तिला कुठल्या तोंडाने पाठवायचं? "कळवते हं," त्या म्हणाल्या. काकूंच्या तोंडी याचा एकच अर्थ होता, आणि तो ताईंनाही कळला. त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

"हिलाच पाठव," काका म्हणाले.

"तुम्ही यात पडू नका."

"पडू नका काय? परीक्षा तर माझ्याच डोळ्यात घेतेस."

काकूंनी उचललेले कप परत टेबलावर ठेवले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या बाटलीपासून. औषध झोंबायचंच बंद झालं."

"मग एवढे गच्च डोळे कशाला मिटत होतात?"

"परीक्षा सोपी कशाला ठेवायची?" काका म्हणाले. मग खात्यातल्या जुन्या आवाजात, जो काकूंनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, ते पुढे म्हणाले, "तुझा काटा खोटा आहे. चांगल्या डोळ्यात औषध घालणाऱ्या बायका तू निवडून निवडून पाठवल्यास. दुखतंय का, असं मला एकीनेही विचारलं नाही. त्या पोरीला तरी कुणी विचारलं असेल?"

"आधी का नाही बोललात?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. "बोललो असतो तर तू परीक्षा बंद केली असतीस. तुझ्या एवढ्या उद्योगात मला तेवढंच काम होतं."

 काकूंना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं. आत जाऊन कुणीही न मागितलेला चहा टाकला. चहा उकळेपर्यंत त्यांनी बसवाल्या ताईंना फोन करून रविवारी बोलावून घेतलं.

रविवारी संध्याकाळी पोरीच्या घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं झालं. पडद्यावर पोरीची आई होती, बाजूला बाबांचं कोपर होतं आणि पोर टेबलाखाली होती.

"बघा, हे असं असतं," आई म्हणाली. "आज तर पायात मोजेसुद्धा घातलेले नाहीत. बाहेर ये गं, नमस्कार कर."

पोर हलली नाही. काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"खाली काय चाललंय?" ताईंनी पोरीलाच विचारलं.

 मग टेबलाच्या कडेला एक हात वर आला. हातात लोकरीचा पायमोजा.

"टोचतो?" ताईंनी विचारलं.

"हो."

"अगं, चांगले महागाचे आहेत ते," आई म्हणाली.

"कुठे टोचतो गं?"

"अंगठ्याला. शिवण आहे तिकडे."

"मग उलटा करून घाल. शिवण बाहेर जाईल."

टेबलाखाली खुडबुड झाली. आईने तोंड उघडलं, तेव्हा बाबांच्या कोपराने तिला थांबवलं. थोड्या वेळाने एक पाय बाहेर आला, उलटा मोजा घातलेला, बोटं हलवून बघणारा. मागोमाग डोकं आलं. पोरीने पडद्याकडे बघून विचारलं, "तू कधी येणार?"

काकूंनी पदर सोडला. तो पार चुरगळला होता.

ताई गेल्या, त्याला आता दोन महिने झाले. पोरीच्या आईने ग्रुपवर लिहिलं ते खरंच, पण फोटो टाकून: उलट्या मोज्यातले दोन पाय आणि खाली काकूंचा नंबर. आणखी नऊ घरांनी बायका मागितल्या.

त्यांच्यासाठीची पहिली मुलाखत ठरली, त्या सकाळी काकूंनी बाटली कचऱ्यात टाकली. काकांनी ते बघितलं आणि पेपर उघडला. काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, त्यांची खुर्ची खिडकीपासून ओढत टेबलाशी, आपल्या खुर्चीला लागून आणली.

"अकरा वाजता एक जण येतेय," त्या म्हणाल्या. "शर्ट बदला. आजपासून प्रश्न तुम्ही विचारायचे. मला ते जमत नाही, कळलंय माझं मला."

अकराला बाई आली. काका इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. बाईने समोर बसून पिशवी खाली ठेवली मात्र, काकांनी सवयीने मान मागे टाकली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

काकूंनी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. "अहो, उघडा डोळे," त्या हळूच म्हणाल्या. "विचारा."