सुईचं नाक

शिवणकाम करणाऱ्या बाई दर रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली की चर्चमागच्या खोलीत मुलांना शुभवर्तमान शिकवत. दुधाचे दात पडणाऱ्यांपासून मिसरूड फुटलेल्या घोड्यांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर. "वर्ग वेगळे करा, बाई," असं सांगून फादर थकले होते. बाई ऐकतील तर शपथ!

त्या दिवशी धडा होता, श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. सगळ्यात धाकट्या पोरीने स्वतःचं शेंबडं नाक पुसत विचारलं, "सुईला शिंक आली तर?"

मोठी पोरं हसून लोळली. बाई भडकल्या. "दात काय काढताय? धरा!" म्हणत त्यांनी पदराला टोचलेल्या सुया मोठ्यांच्या हातात दिल्या. "आधी हा दोरा ओवून दाखवा."

एकालाही जमेना. दोऱ्यांची टोकं पिंजून त्यांचे पार झाडू झाले. आवाज ऐकून फादरही दारात येऊन उभे राहिले.

धाकटीने थोरल्याचा दोरा ओढला, जिभेवर ओला केला, टोकाला पीळ दिला आणि त्याच्या हातातल्या सुईत अलगद ओवला.

"फुगलेला जात नाही, दादा. बारीक व्हायला लागतं."

 बाई फादरकडे वळल्या.

"आता सांगा फादर, हिला कुठल्या वर्गात बसवू?"