थोरल्या जावेच्या अक्षरातली पत्रं

ओमानमधल्या सहम गावी काकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू लोखंडी पेटीवर बसून लसूण सोलत होत्या. पेटी उघडायची म्हणजे काकूंना उठवायला हवं होतं आणि त्यांची उठायची तयारी नव्हती.

"त्यात कायएक नाय," त्या म्हणाल्या. "सगळी रद्दी. ह्यांका टाकवत नाय म्हणान ठेवलेली."

काका दारात उभे राहून माझ्याकडे बघून हसले.

आम्ही तेव्हा जवळच्याच सोहारला राहत होतो. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. मी पुण्याला एका ग्रंथालयात जुनी कागदपत्रं लावायचं काम करायचे, ते सोडून इकडे आले होते. एका हळदीकुंकवात काकूंची ओळख झाली आणि मी आधी काय करायचे हे त्यांनी घरी जाऊन काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "आम्ही आता कायमचे गावी चाललो. माझे कागद कोणीतरी लावून द्यायला हवेत. पोरांना विचारलं तर म्हणतात फोटो काढा आणि फेकून द्या."

काका मालवणच्या बाजूचे. बोटीने मस्कतला उतरले तेव्हा वरच्या किनाऱ्याला धड रस्ता नव्हता. सहमच्या एका शेतमालकाकडे डिझेल पंप दुरुस्त करायला म्हणून आले आणि तिथेच राहिले. पुढे त्याच अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नावावर पंपांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, काकूंना आणलं, मुलं वाढवली, लग्नं करून दिली. म्हातारे अर्बाब गेले, दुकान त्यांच्या मुलाकडे आलं, तरी काका गल्ल्यावर बसतच होते. मग तेलाचे भाव पडले, शेतांवरची कामं कमी झाली, आणि काकांचे गुडघेही बोलायला लागले. मुलगा म्हणाला, बाबा आता पुरे. अर्बाबच्या मुलाने मात्र पुरे म्हटलं नाही. तो रोज येऊन विचारायचा, "खलास? नक्की?" आणि काका रोज म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात."

शेवटी काकू उठल्या. पेटीतून निघालं ते कुठल्याही घरातून निघालं असतं तसंच. बाद झालेले पासपोर्ट, प्रत्येकात थोडे कमी केस असलेले काका. बोटीचं तिकीट, घडीवर विरलेलं. मुलांची प्रगतिपुस्तकं. पंपांच्या पावत्या, त्यांच्या पाठी मुलांनी काढलेले उंट. एका फोटोत तरुण काका आणि तरुण अर्बाब चिखलात गुडघाभर उभे, दोघांच्या मधून पाण्याची जाड धार. तो फोटो अर्बाबच्या मुलाने पाहिला आणि दोन्ही हातांत धरून बसला. काकांनी तो त्यालाच देऊन टाकला. काकू म्हणाल्या, "चला, एक कागद तरी कमी झालो."

मी आठवड्यातून एकदा जायचे. नवरा सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. दुपारी काकूंच्या हातची माशाची कढी आणि भात. काका जेवून आडवे व्हायचे आणि आडवे पडल्या पडल्या कागदांच्या गोष्टी सांगायचे. मी कागद लावायचे. तसं बघितलं तर ते काम दोन बैठकींत झालं असतं. मीच लांबवलं.

पत्रं पेटीच्या तळाशी होती, दूध पावडरीच्या एका मोठ्या डब्यात. निळी आंतर्देशीय नव्हेत, परदेशी जाणारी पातळ कागदाची. काकू गावी आणि काका इथे, अशी जी वर्षं गेली त्या वर्षांतली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"हिची," काका म्हणाले.

"माझी?" काकू स्वयंपाकघरातून आल्या. "माका लिवूक खय येय होतां?"

तेव्हा सगळं उलगडून सांगितलं गेलं. काकूंना लग्नात अक्षरओळख नव्हती. त्या वाचायला शिकल्या ते इथे येऊन, मुलांच्या पहिलीच्या पुस्तकावर, आणि अजूनही त्यांना छापील वाचता येतं, हाताचं अक्षर लागत नाही. गावी असताना त्यांची पत्रं लिहायची थोरली जाऊ. ती सातवीपर्यंत शिकलेली. काकू चुलीपुढे बसून सांगायच्या, वहिनी ओटीवर बसून लिहायच्या. पत्र पोस्टात पडलं की काकूंच्या दृष्टीने संपलं. पुढे इथे आल्यावरही त्यांना ती ऐकावीशी वाटली नव्हती. स्वतःच सांगितलेलं काय ऐकायचं?

"वाचू का?" मी विचारलं.

"वाच," काका म्हणाले आणि उठून बसले. मोतीबिंदूमुळे त्यांनाही ती बरीच वर्षं वाचता आली नव्हती.

मी पहिलं उघडलं. अक्षर टपोरं, ओळी सरळ. इकडे सर्व खुशाल असून तुमच्या आठवणीने घास गिळत नाही, रात्री चांदणे पडले की जीव व्याकूळ होतो...

"थांब थांब," काकू ओरडल्या. "मी असां सांगलंय? माका तेव्हा पोर होवचा होता, माका भूक आवरत नाय होती!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या पत्रात वासाच्या साबणाच्या दोन वड्या पाठवाव्या असं होतं. "मी नाय सांगलंय," काकू म्हणाल्या. त्याच्या पुढच्यात परसातल्या अबोलीचं वर्णन होतं, तेही काकूंचं नव्हतं. आमच्याकडे अबोली नव्हतीच, त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळत नव्हतं?" मी काकांना विचारलं.

"कळत होतं की. ही बोलते कशी ते मला माहीत नाही? पण पत्र यायचं ना. वहिनींनी काही का लिहिना, ही तिथे बाजूला बसलेली असायची."

मग एक पत्र आलं ज्यात चांदणं वगैरे काही नव्हतं. माझी तब्येत उत्तम आहे. उकाडा फार म्हणून केस कापून टाकले आहेत, तरी रजेवर याल तेव्हा घाबरू नये. मी वाचलं आणि वर पाहिलं. काकूंचा हात डोक्यावर गेला होता.

"तेव्हा मी शुद्धीवर नाय होतंय," त्या म्हणाल्या. "माका टायफॉइड झालेलो, केस कापूक लागलेले. कणकवलीक हॉस्पिटलात होतंय. ह्यां कोणी सांगला लिवूक?"

कोणीच सांगितलं नव्हतं. आजारपणाची हकिकत काकांना पुढे रजेवर गेल्यावर काकूंनीच सांगितली होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या बेशुद्ध पडलेल्या असताना त्यांच्या नावाने नेहमीच्या वेळी पत्र गेलं होतं हे काकूंना आज कळलं. त्या डब्याशेजारी जमिनीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "फोन लाव."

काकांनी गावी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. थोरल्या वहिनींचा आवाज चांगला खणखणीत होता.

"खोटारडी गो तू वयनी!" काकू म्हणाल्या. "मी हॉस्पिटलात आणि तू लिवतंस तब्येत उत्तम?"

कुठलं पत्र ते वहिनींनी आधी विचारून घेतलं. 

"मग काय लिवतलंय? बायल मराक टेकली हा, असां? तो काम टाकून येतलो. बोटीन येऊक दिवस लागतले. हंय येऊन काय करतलो, ताप उतरयतलो? ताप उतरवूक मी होतंय मा?"

काकू रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या. पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "आणि साबण?"

"एक तुका दिलंय मा," वहिनी म्हणाल्या. "अजून उगाळतंस?"

त्या दिवसापासून काकूंनी रद्दी हा शब्द काढला नाही. काकांच्या मनात होतं की मी पुण्यातल्या कुठल्या संस्थेला विचारावं. मी विचारलंही होतं. त्यांना पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट हवं होतं, घरगुती पत्रांत फारसा रस नव्हता. काकूंना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "पासपोर्ट खुशाल न्या. पत्रां वयनीची. तिणी लिवली, तिका देवची." सामान बांधताना वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी पितळेची परात आणि खजुराचे दोन डबे बाहेर काढले, पत्रांचा डबा आत राहिला. विमानतळावर अर्बाबचा मुलगा काकांना मिठी मारून उभा होता. काका त्याच्या खांद्यावर थोपटत अरबीत काहीतरी सांगत होते, बहुधा पंपांबद्दलच.

पुढच्या मे महिन्यात आम्ही सुट्टीवर गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. दुपारची वेळ. दोघी जावा पडवीत बसल्या होत्या. वहिनी नव्वदीच्या जवळ पोचलेल्या, अंगाने काकूंच्या निम्म्या, नाकावर जाड चष्मा. त्या पत्र वाचत होत्या आणि काकू प्रत्येक ओळीला हरकत घेत होत्या.

"ह्यां मी सांगलेला नाय."

"तू सांगलेला लिवलंय असता तर तो परत इलोच नसतो," वहिनी म्हणाल्या. "पेज जेवलंय, म्हस व्याली. दुसरा काय सांगायचंस तू?"

काका खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आता त्यांना स्वतःला वाचता आलं असतं. पण वहिनींच्याच तोंडून बरी वाटतात, असं ते मला हळूच म्हणाले.

मी वहिनींच्या पाया पडले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, चष्म्यातून नीट निरखलं आणि अंगणात गाडीशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बोट केलं.

"तू तुझ्या घोवाक काय लिवतंस गो?"

"आम्ही एकाच घरात राहतो, आजी," मी म्हणाले.

"म्हणान काय झालां?" वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं पत्र उघडलं.