अंगठ्याचं कुंकू

मला कुणी फसवलं तर मी विसरत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या रागाला औषध नाही." नाही तर नाही!

चाकणला आमचं छोटं वर्कशॉप. दोन लेथ, मशीनवर हे, बाकी सगळा कारभार माझ्याकडे. तेल-वायूच्या विहिरींवर लागणारे जाडजूड व्हॉल्व्ह आम्ही बनवायचो आणि यांचा कॉलेजातला दोस्त ते पुढे पुरवायचा. तो मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भावजी. आमच्या घरी हक्कानं जेवायला बसणारा माणूस.

देशात तेल-वायू सापडावा म्हणून सरकारची एक सवलत आहे. शोधकामाला लागणारा माल परदेशातून आणला तर त्यावर आयात-कर माफ. अट एवढीच की तो विहिरीवरच गेला पाहिजे, बाजारात विकायचा नाही. भावजींना ही वाट सापडली आणि एके दिवशी माझ्याच हातचा चहा पीत ते म्हणाले, "वहिनी, बाहेरचा माल आता तुमच्यापेक्षा स्वस्त पडतो. धंदा आहे, वाईट वाटून घेऊ नका." चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत संपवला. यालाच केसानं गळा कापणं म्हणतात.

आमच्याकडे दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. कामावरची पोरं घरी बसवावी लागली, एक लेथ बंद पडला. अशात खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक मशीनची, पान्याची पूजा होते. भावजींच्या गोडाऊनमधली पूजा दरवर्षी माझ्या हातची, तसंच यंदाही बोलावणं आलं. हे म्हणाले, "जा गं, पुन्हा ऑर्डर देईल कदाचित."

गेले. परदेशी व्हॉल्व्हची रास झेंडूच्या माळा घालून मांडलेली. भावजी पाहुण्यांना सांगत होते, "सगळा माल समुद्रातल्या विहिरीवर जाणार. कर एक रुपया नाही!" आणि मला म्हणाले, "वहिनी, प्रत्येकाला हळद-कुंकू लावा." माझ्या पोटावर पाय देणाऱ्या मालाची पूजा मीच करायची! अंगाची नुसती आग झाली. नेहमी मी अनामिकेनं नाजूक टिळा लावते. त्या दिवशी खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून लावलं, व्हॉल्व्हच्या थेट पोटावर. भावजींचा माणूस फडकं घेऊन पुसायला निघाला, तर भावजी ओरडले, "पूजेचं कुंकू पुसायचं नाही!" फार देवभोळा माणूस.

पुढच्या श्रावणात जवळच्या रंगाच्या फॅक्टरीतला एकजण गळका व्हॉल्व्ह दुरुस्तीला घेऊन आला. मी पालथा केला आणि हसूच फुटलं. धूळ बसलेला, काळपट पडलेला, पण माझाच अंगठा! जायचं समुद्रातल्या विहिरीवर, आणि स्वारी रंगाच्या फॅक्टरीत. "कुठून घेतला?" विचारलं, तर बिचाऱ्यानं सरळ भावजींचंच नाव घेतलं. म्हणाला, "स्वस्तात देतात, मॅडम. बरेच जण घेतात."

हे म्हणाले, "जाऊ दे, मित्र आहे." मी म्हटलं, "मित्र तुमचा. गळा माझा." आयातीच्या कागदांशी ताडायला व्हॉल्व्हवर नंबर कोरलेला होताच. दुसऱ्या दिवशी मी कस्टमच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आले. गणपती उठले आणि अधिकारी आले. त्यांनी माल कागदांशी ताडून मोजला, तो कमी भरला, आणि गोडाऊनला सील लागलं.

मग भावजी आमच्या दारात. पहिल्यांदाच चहा नको म्हणाले. "वहिनी, एवढं सांगा कस्टमवाल्यांना, तो व्हॉल्व्ह ओळखण्यात तुमची चूक झाली. सगळी ऑर्डर तुम्हाला देतो. पहिल्यापेक्षा जास्त. लिहून देतो." यांनी माझ्याकडे पाहिलं. बंद लेथ आम्ही विकायला काढला होता, त्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हो म्हटलं असतं तर लेथ वाचला असता. खरं सांगते, हो अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या तोंडाकडे पाहिलं आणि आठवलं, याच तोंडानं म्हटलं होतं, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, "भावजी, धंदा आहे. वाईट वाटून घेऊ नका."

संध्याकाळी लेथ गेला. टेम्पो वळेपर्यंत हे रस्त्यावर उभे होते. त्यानंतर बरेच दिवस ते वर्कशॉपातच एकटे जेवायचे. त्यांचंही बरोबर होतं.

खंडेनवमीला राहिलेल्या एका लेथची पूजा केली. मग तेच ताट घेऊन रिक्षात बसले आणि भावजींच्या गोडाऊनवर गेले. यंदा बोलावणं नव्हतं. शटर बंद, कुलपावर सरकारी सील, आणि बाहेर पायरीवर भावजी एकटेच बसलेले. मला पाहून उभे राहिले. मी ताटातलं कुंकू तेलात कालवलं, अंगठा बुडवला आणि सीलच्या शेजारी, कुलपाच्या पोटावर दाबून टिळा लावला.

"पूजेचं आहे, भावजी," मी म्हटलं. "पुसू नका."